मृदुंग कुठे जातोय?

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या वस्तू जितक्या सापडतात, तितकेच घरातले जुने वादही सापडतात. गेल्या दिवाळीत आमच्या पोटमाळ्यावरून एक पितळी समई, तीन फुटक्या बरण्या, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीची छत्री आणि गोणपाटात गुंडाळलेला एक मृदुंग खाली आला. समई घासायला गेली, बरण्या उकिरड्यावर गेल्या, छत्रीबद्दल थोडी चर्चा झाली. मृदुंगापाशी मात्र सौभाग्यवती थबकली आणि दरसालचा प्रश्न तिने दरसालच्याच आवाजात विचारला, "अहो, ह्याचं काय करायचं?"

मीही दरसालचे उत्तर दिले, "राहू दे. कुठे जातोय तो?"

हे उत्तर माझे नव्हे. ते माझ्या वडिलांचे आहे, आणि त्याची एक गोष्ट आहे.

आमची वाडी खेडपासून फार दूर नाही. जगबुडीचा पूल ओलांडून थोडे चढले, की आंब्या-काजूंच्या आड आमची कौले दिसू लागतात. पूर्वी घरे जास्त आणि पक्की कमी होती. आता पक्की जास्त आहेत, पण बारा महिन्यांतले दहा महिने त्यांना कुलपे असतात. कुलपांच्या किल्ल्या विरार, नालासोपारा आणि डोंबिवलीला. शिमगा आला, की त्या किल्ल्या गावी येतात, होळी उभी राहते, ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर बसते आणि रात्री आमचे नमन उभे राहते.

रत्नागिरी जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला नमन-खेळे म्हणजे काय हे सांगायला हवे. आधी मृदुंग आणि झांजा यांच्या साथीवर देवादिकांना नमन. मग गण, मग कृष्णाची वाट अडविणारी गवळण, आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग. मध्येच काळा अंगरखा, उंच निमुळती टोपी आणि कमरेला घुंगरू बांधलेला संकासूर येतो. पोरे किंचाळून आईच्या पदरात शिरतात आणि दुसऱ्या क्षणी त्याला बघायला बाहेर येतात. या साऱ्याचा प्राण म्हणजे मृदुंग. वगातला राजा भाषण विसरला तर चालते. मृदुंगवाल्याचा हात चुकला, तर सबंध रंगणाचे पाऊल चुकते.

माझे वडील आमच्या वाडीचे मृदुंगवाले होते. पोटासाठी ते परळला गिरणीत कामाला, आणि म्हातारी आई, मी नि धाकटा भाऊ इकडे. वर्षातले अकरा महिने वडील म्हणजे मनिऑर्डर. पोस्टमन सायकलला टेकून नाव पुकारी, आई अंगठा उठवी आणि महिन्याचे वडील येऊन जात. शिमग्याला मात्र ते खरोखर येत. चार-पाच दिवसांची रजा. आणि त्या चार-पाच दिवसांतल्या साऱ्या रात्री मृदुंगाच्या! दिवसा ते झोपत, आणि आई आम्हांला दटावी, "ओरडू नका, बापूस झोपलाय."

मी बारा वर्षांचा असताना एकदा धीर करून त्यांच्यापुढे बसलो. ते धूमेवर कणीक चढवीत होते. पाण्याचा हात लावीत, थाप मारून बघत, पुन्हा चिमूटभर काढीत. मी म्हणालो, "बाबा, मला शिकवा." त्यांनी वर न बघताच म्हटले, "आधी शाळा शीक. मृदुंग कुठं जातोय? पुढच्या शिमग्याला बस." दुसऱ्या दिवशी पहाटे ते कशेडी घाटातून जाणाऱ्या एस. टी.ने मुंबईला निघून गेले. पुढच्या शिमग्याला मी बसलो नाही. लहान मुलाचा अभिमान हा फार टिकाऊ पदार्थ आहे. त्याला गोणपाटही लागत नाही.

आता त्या सभेची गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहावा लागला. गेल्या गणपतीनंतर वाडीची बैठक बसली. प्रश्न होता शिमग्याच्या नमनाचा. दोघा मृदुंगवाल्यांपैकी एकाचे हात थरथरू लागले होते, दुसऱ्याला नव्या नोकरीत रजा नव्हती. कुणी म्हणाले, मृदुंग ध्वनिमुद्रित करून लावू. कुणी म्हणाले, एक वर्ष राहू दे. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "२०२१ साली करोनात एकदा राहिलं, तेव्हा चार पोरं गळाली. आता राहिलं तर कोण उरंल?"

तेव्हा आमच्या संकासुराने तोंड उघडले. इतर दिवशी हा खेडच्या स्टेशनाबाहेर रिक्षा चालवतो. तो म्हणाला, "एक पोरगा हाय. हात बरा हाय त्याचा." पोरगा कोण, तर लोट्याच्या कारखान्यात कामाला आलेल्या एका परमुलुखातल्या माणसाचा मुलगा. वय पंधरा. जन्मापासून आमच्याच शेजारी भाड्याने राहिलेला, आमच्याच शाळेत शिकलेला, आमच्याहून अस्सल खेडची बोली बोलणारा. शाळेच्या बाकावर नमनाचे ठेके वाजवतो म्हणून दोनदा वर्गाबाहेर उभा राहिलेला.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. वाडीत माझ्या शब्दाला मान. मी उठून म्हणालो, "पालखीपुढे वाजवायचं ते वाडीच्या माणसानं. परंपरा म्हणून काही आहे की नाही?" सभा गप्प झाली आणि विषय दिवाळीनंतर घ्यायचा ठरला. घरी परतताना मला उगाचच जिंकल्यासारखे वाटले. जिंकल्याचे कारण मात्र सांगता येईना.

आणि दिवाळीत माझा पुतण्या आला. तो अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन गावी असतो. मृदुंग अजून ओटीवरच पडलेला होता. त्याच्याशेजारी बसून पुतण्याने खिशातला फोन काढला आणि म्हणाला, "काका, आमच्या गावचं नमन ऐका."

फिडल वाजू लागले, त्यात कुठूनसा घसरत जाणारा स्टील गिटारचा सूर मिसळला, पाठोपाठ सॅक्सोफोन आला, आणि काय सांगावे, सौभाग्यवतीची रांगोळीची चिमूट तालावर पडू लागली. या संगीताला म्हणतात वेस्टर्न स्विंग. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या मुलुखातले फिडलचे गाणे आणि शहरातला जॅझ यांचा १९३०च्या सुमारास जो संसार थाटला गेला, त्याचे हे अपत्य. स्विंग आपल्याला अगदीच परके नाही. गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखत होती, त्यांचा ट्रंपेट आणि आपल्या सी. रामचंद्रांच्या चाली यांनी १९५१च्या 'अलबेला'त स्विंगचा हा झोका गिरणगावापर्यंत पोचवला होता. त्यावर नाचणारे भगवानदादा गिरणी कामगाराचेच चिरंजीव. माझ्या वडिलांनी तो चित्रपट पाहिला होता, आणि पुढे कित्येक शिमगे आमची गवळण भगवानदादांसारखी झुलत होती म्हणतात. म्हाताऱ्यांनी तेव्हाही म्हटले, "नमन बुडालं."

पुतण्याच्या बँडचे नाव 'अस्लीप ॲट द व्हील'. म्हणजे गाडी हाकता-हाकता डुलकी लागलेला! मी म्हटले, "असलं नाव घेऊन कशेडी घाटात कुणी गाडीत बसेल का रे?" तो हसला आणि त्याने गोष्ट सांगितली. १९७० साली वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉ पॉ या खेड्याजवळ तीन तरुणांनी हा बँड काढला. त्यांतला रे बेन्सन हा साडेसहा फूट उंचीचा मुलगा फिलाडेल्फियाचा. टेक्साससाठी तो तितकाच परका, जितका आमच्या वाडीसाठी... मी विचार तिथेच सोडला. वेस्टर्न स्विंगची लाट तोवर ओसरली होती. तिचा राजा बॉब विल्स थकला होता. या पोरांनी ते ओसरलेले गाणे उचलले, पुढे ऑस्टिनला बिऱ्हाड केले आणि गावोगाव नाचघरांतून वाजवीत राहिले.

"आणि काका, शंभराहून जास्त माणसं या बँडमधून येऊन गेली," पुतण्या म्हणाला. "कुणी लग्न झालं म्हणून गेलं, कुणी प्रवासाला कंटाळून गेलं. पहिल्यापासून पन्नास वर्षं टिकला तो एकटा बेन्सन. २०२१ मध्ये पन्नाशीची तबकडी काढली, तेव्हा जुने सोडून गेलेले परत येऊन गायले, वाजवून गेले."

शंभर माणसे! मी मनात आमच्या नमनाची शिरगणती करू लागलो. आजोबांच्या वेळी चुडींच्या उजेडात नाचणारे गेले, गॅसबत्तीवाले आले. पेटी आली, तेव्हा माझ्याच वडिलांनी ती बाहेर ठेवा म्हणून हट्ट धरला होता. पुढे पेटीवाल्याशी त्यांची अशी जोडी जमली, की एकाच्या रजेसाठी दुसरा मुकादमाच्या पाया पडे. परळला वाडीची एक खोली होती. पाळीपाळीने तीत वीस-पंचवीस माणसे झोपत. रात्रपाळीहून आलेल्यांची झोप मोडू नये म्हणून मृदुंगावर घोंगडी टाकून तालीम चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वर्षीच्या शिमग्याला रजेचा प्रश्नच नव्हता. वडील सांगत, एवढे खेळे रंगणात आयुष्यात पाहिले नाहीत, आणि एवढे गप्प खेळेही पाहिले नाहीत. त्यांतले बरेच पुन्हा मुंबईला गेलेच नाहीत. मग त्यांच्या मुलांचे नमन आले. पुराणातल्या राजांच्या जागी वगात हुंडा आणि दारू आली. १९९८ साली कोकण रेल्वे सबंध सुरू झाली, तेव्हा शनिवारी येऊन सोमवारी कामावर जाणारे खेळे आले. इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आला, तेव्हा मी सभेत भाषण केले होते, "नमन बुडालं." आता ज्या पोरांना ऑर्गन काढा म्हटले तर ती म्हणतील, "वा! परंपरा आहे ती."

म्हणजे मी ज्या परंपरेच्या नावाने उभा राहिलो, ती माझ्या आधीच्या प्रत्येकाने कुरकुरत का होईना बदललेली होती. नाटकवाल्यांचे तरी काय वेगळे? 'ललितकलादर्श' १९०८ साली हुबळीला केशवराव भोसल्यांनी काढली. १९२१ मध्ये ऐन तारुण्यात ते गेले. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली. १९३७ मध्ये तेही गेले, पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र उभे राहिले आणि १९५७ मध्ये 'दुरितांचे तिमिर जावो'ने नाटकगृहे भरली. पहिल्या दिवसाचा नट त्यात एकही नव्हता. पण पाटी तीच होती, आणि ती कुणाला खोटी वाटली नाही.

हे सारे मला पटत होते. पण पटणे आणि मनाला लागणे यांत अंतर असते. लागले ते पुतण्याने जाता-जाता सांगितलेले. १९७३च्या डिसेंबरात डॅलसला बॉब विल्सचे शेवटचे ध्वनिमुद्रण होते. तो चाकाच्या खुर्चीत. ही नवी पोरे मोठ्या आशेने त्याला भेटायला गेली. तो दमला होता. त्यांना सांगण्यात आले, उद्या बोला. त्याच रात्री त्याला झटका आला. पुढे दीड वर्ष तो श्वास घेत होता, पण शुद्धीवर आला नाही. १९७५च्या मे महिन्यात गेला. ते बोलणे राहिले ते राहिलेच.

"मग शिकले कुणापाशी?" मी विचारले.

"तबकड्या ऐकून. आणि त्याच्या जुन्या साथीदारांबरोबर वाजवून. जे कुणी दाखवील त्याच्याकडून, काका."

रात्री सगळे झोपल्यावर मी ओटीवर मृदुंगापाशी बसलो. खरे सांगू? संपानंतर वडील चार वर्षे घरीच होते. मृदुंग घरात, वडील घरात, आणि मी दापोली तालुक्यातल्या शाळेतून दर शनिवारी घरी येत होतो. एकदा त्यांनी मृदुंग पुढे ओढून म्हटलेही होते, "बसतोस का जरा?" मी म्हणालो, "बाबा, पेपर तपासायचेत. मृदुंग कुठे जातोय?" त्यांचेच वाक्य मी त्यांना परत दिले. त्यांनी मान हलवली आणि पान लावायला घेतले. १९८६च्या पावसाळ्यात ते गेले. तेव्हापासून मृदुंग गोणपाटात.

मी सभेत परंपरेसाठी उभा राहिलो नव्हतो. वाडीच्या मृदुंगवाल्याचा मुलगा असून ज्याला ठेका येत नाही, तो माणूस उभा राहिला होता. परका पोरगा वाजवू शकतो, हे एकदा दिसले, की मी का वाजवू शकलो नाही याला काही सबब उरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मी रिक्षावाल्या संकासुराला निरोप पाठवला. तो त्या पोराला घेऊन आला. पोरगा उंबऱ्याबाहेरच उभा. सौभाग्यवती म्हणाली, "अरे, सणाचा दिवस आहे, आत ये," आणि तिने करंज्यांची बशी पुढे केली. त्याचे लक्ष करंज्यांकडे नव्हते. मृदुंगाच्या दोन्ही पुड्या उंदरांनी कुरतडलेल्या, वाद्या तुटलेल्या, गट्टे हरवलेले. त्याने हात पुसून फक्त खोडावरून फिरवला आणि विचारले, "गुरुजी, हा कुणाचा?"

"आता तुझ्याकडे राहील," मी म्हणालो. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा एकदा म्हणालो.

मुंबईच्या पोरांनी तो नेऊन पुड्या भरून आणल्या. नवे चामडे, नवी शाई, नव्या वाद्या, नवे गट्टे. सौभाग्यवती म्हणाली, "मग मामंजींचं राहिलं काय त्यात?" मी म्हटले, "खोड." ती म्हणाली, "पुष्कळ झालं."

दिवाळीनंतरच्या बैठकीत मी माझे शब्द मागे घेतले. दोघेतिघे नाराज झाले. ते अजूनही आहेत. थरथरत्या हातांचे जुने मृदुंगवाले मात्र रोज संध्याकाळी पोरापुढे येऊन बसू लागले. हात चालत नव्हते, पण तोंडाने बोल चालत होते.

शिमग्याच्या रात्री पालखीपुढे तो बसला. मी मुद्दाम पुढे जाऊन बसलो होतो आणि कानात प्राण आणून वडिलांचा हात शोधत होतो. तो सापडला नाही. पोरगा वेगळेच वाजवीत होता. जरा घाईने, जरा जोराने, कुठेकुठे फोनवर ऐकलेले काही घुसडून. गवळणीला तर एकदा चुकला, आणि आमच्या पेंद्याने वेळ मारून नेली. पण संकासूर आत आला, मृदुंग उचलला गेला, आणि माझ्या शेजारच्या म्हातारीचे पाऊल आपोआप हलू लागले. साठ वर्षांपूर्वी ते माझ्या वडिलांच्या थापेवर हलले असणार. तेव्हा मी शोधायचे सोडले आणि ऐकू लागलो. वडिलांबद्दलचा माझा राग त्या रात्री संपला असे मी म्हणणार नाही. पण तो बसायला जागा शोधत होता, आणि त्याची जागा कुणीतरी घेतली होती.

यंदाच्या साफसफाईत पोटमाळ्यावर गोणपाट तेवढे सापडले. सौभाग्यवतीने ते पायपुसणे केले. मृदुंग समोरच्या पडवीत असतो. संध्याकाळी वाडीतली दोन लहान मुले, एक आमच्या घरातलीच नात, त्या पोरापुढे तेलाचे रिकामे डबे घेऊन बसतात. परवा मी अंगणात कंदील टांगत होतो. त्याची दहावीच्या शिकवणीची वेळ झाली होती. तो उठला आणि मुलांना म्हणाला, "आता पुरे. राहिलेलं उद्या दाखवतो. मृदुंग कुठं जातोय?"

हे वाक्य त्याला कुणी शिकवले कोण जाणे! मी शिडीवरूनच ओरडलो, "उद्या नाही रे. दोन मिनिटं उशीर झाला तर चालेल. आत्ताच दाखव."

तो हसला, पुन्हा मांडी घालून बसला, आणि डब्यांवर तीन हातांचा ठेका सुरू झाला.